प्रतिज्ञापत्रापासून सातबाऱ्यापर्यंत : सत्ताधाऱ्यांच्या मालमत्तेचा माग कसा काढायचा

तालुक्याच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. बायपासच्या कडेची जमीन कोणाची, कारखाना लिलावात कोणी घेतला, पुलाचं काम भाच्याला कसं मिळालं. कागद मात्र कोणाकडेच नसतो. खरं तर यातले बहुतेक कागद सार्वजनिक आहेत. ते वेगवेगळ्या कार्यालयांत पडून आहेत आणि या कार्यालयातल्या कागदाची त्या कार्यालयाला खबर नसते, एवढाच प्रश्न आहे. ते सगळे एका टेबलावर आणायचे कसे, हे पुढे पायरीपायरीने दिलं आहे. रोख महाराष्ट्रावर आहे, कारण सातबारा, सहकार आणि नोंदणी यांची व्यवस्था राज्यागणिक बदलते.

पद्धत जुनीच आहे. १९८१ साली सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याशी संबंधित ट्रस्टना बिल्डरांनी दिलेल्या देणग्या एका यादीत होत्या, बिल्डरांना मंजूर झालेलं सिमेंट दुसऱ्या यादीत. देणगी देणं गुन्हा नव्हता आणि सिमेंटचा परवाना मिळणंही गुन्हा नव्हता. दोन्ही याद्यांचा मेळ बसला तेव्हा ३१ ऑगस्ट १९८१ ची बातमी तयार झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयात न्या. बख्तावर लेंटिन यांचा निकाल आला आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुलेंनी राजीनामा दिला.

निवडणूक रोख्यांचंही तेच झालं. १४ मार्च २०२४ ला निवडणूक आयोगाने दोन याद्या टाकल्या. रोखे कोणी विकत घेतले याची एक आणि कोणत्या पक्षाने वटवले याची दुसरी. दोन्ही खऱ्या होत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. २१ मार्चला प्रत्येक रोख्याचा क्रमांक बाहेर आला आणि देणारा-घेणारा समोरासमोर उभे राहिले. या क्रमांकाला आपण जोडदुवा म्हणू. प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारायचं ते एवढंच, की इथे जोडदुवा कोणता? गट क्रमांक, दस्त क्रमांक, डीआयएन म्हणजे कंपनी संचालकाचा ओळख क्रमांक, कार्यारंभ आदेशाचा म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायला सांगणाऱ्या पत्राचा क्रमांक हे चालतात. नुसतं नाव हा जोडदुवा नव्हे.

आधी नेत्याचाच कागद

कुजबुजीपासून सुरुवात केली की शोध कुजबुजीच्याच दिशेने वाहत जातो. त्यापेक्षा त्या माणसाने शपथेवर स्वतः काय लिहून दिलंय ते आधी घ्या. उमेदवारी अर्जासोबत द्यावं लागणारं प्रतिज्ञापत्र म्हणजे नमुना २६. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. २०१४, २०१९ आणि २०२४, लोकसभा असो वा विधानसभा, मधली पोटनिवडणूक आणि विधान परिषदही, सगळी उतरवून घ्या. पूर्वी महापालिका किंवा जिल्हा परिषद लढवली असेल तर ती प्रतिज्ञापत्रं राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, ती वेगळी शोधावी लागतात. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, त्यामुळे एकाच निवडणुकीची दोन-तीन प्रतिज्ञापत्रंही सापडतील. सगळी वाचा. प्रतिज्ञापत्रांचा गोषवारा देणारं 'मायनेता' हे संकेतस्थळ झटपट नजर टाकायला उत्तम आहे, पण आकडा छापायचा तो मूळ स्कॅन केलेल्या पानावरूनच.

वाचताना तीन ठिकाणी फसगत होते.

पहिलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये नमुना बदलला. त्यानंतर स्वतःचं, जोडीदाराचं, एकत्र कुटुंबाचं आणि अवलंबून असलेल्यांचं पाच वर्षांचं उत्पन्न द्यावं लागतं, परदेशातल्या मालमत्तेचाही रकाना आला. म्हणून २०१४ आणि २०१९ चे उत्पन्नाचे रकाने शेजारीशेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

दुसरं, 'अवलंबून' हा शब्द. कमावता मुलगा, लग्न झालेली मुलगी, भाऊ, मेहुणा, सून यांपैकी कोणीही या व्याख्येत येत नाही. मागच्या प्रतिज्ञापत्रात अवलंबून म्हणून दाखवलेला मुलगा पुढच्यात गायब झाला, तर त्याच्या नावावर तेव्हा काय होतं ते टिपून ठेवा. पुढचा अर्धा शोध तिथूनच सुरू होतो.

तिसरं, विसरलेली वस्तू. रकाना कोरा ठेवता येत नाही, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. पण एप्रिल २०२४ मध्ये, अरुणाचलातल्या एका आमदाराच्या प्रकरणात, देऊन टाकलेली पण कागदोपत्री नावावर राहिलेली तीन जुनी वाहनं न दाखवल्याने निवडणूक रद्द होत नाही, असंही त्याच न्यायालयाने म्हटलं. तेव्हा जुनी स्कूटर सापडली म्हणून मथळा करू नका. वगळलेली गोष्ट किती मोठी आहे, ती कोणत्या धंद्याकडे बोट दाखवते, हे बघा.

बेरीज-वजाबाकी

'पाच वर्षांत संपत्ती तिप्पट' ही निवडणुकीच्या दिवसांतली सर्वांत सोपी आणि बऱ्याचदा सर्वांत पोकळ बातमी. दोन कोटींची वडिलोपार्जित जमीन पाच वर्षांनी सहा कोटींची लिहिली, म्हणजे नेत्याने चार कोटी कमावले असं होत नाही. बाजारभावाचा रकाना तो स्वतःच्या अंदाजाने भरतो.

म्हणून भाववाढ पूर्ण बाजूला काढा. फक्त नव्याने आलेल्या गोष्टी घ्या, त्याही खरेदीच्या वेळच्या किमतीने. प्रतिज्ञापत्रात खरेदीची तारीख आणि किंमत यांचे स्वतंत्र रकाने असतात. समजा पती-पत्नीचं पाच वर्षांचं मिळून उत्पन्न १ कोटी १० लाख, नवं कर्ज ४० लाख, एक प्लॉट विकून आलेले ३० लाख. आवक झाली १ कोटी ८० लाख. जावक बघा : नवी जमीन १ कोटी २५ लाख, गाडी २८ लाख, ठेवींत वाढ ६० लाख. बेरीज २ कोटी १३ लाख. म्हणजे ३३ लाख कमी पडतात, तेही घरखर्च आणि आयकर धरला नाही तर.

हा ३३ लाखांचा खड्डा म्हणजे पुरावा नव्हे, विचारायचा प्रश्न आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं आणि विवरणपत्रातल्या एकूण उत्पन्नाच्या आकड्यात ते धरलेलं नसू शकतं. विमा मुदत संपून पैसे आले असतील, बक्षीसपत्राने काही मिळालं असेल. उत्तर आधीच ठरवून बसलात तर नेत्याचा सनदी लेखापाल एका परिच्छेदात तुमची बातमी निकालात काढेल.

एकाच नावाची चार माणसं

शोध इथे सर्वांत जास्त वेळा बुडतो. सातबाऱ्यावर नाव देवनागरीत, कंपनी खात्यात रोमनमध्ये, बँकेच्या नोटिशीत तिसऱ्याच स्पेलिंगने. विश्वास, विष्णू, ज्ञानेश्वर ही नावं रोमनमध्ये चार-चार प्रकारे लिहिली जातात. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं, शिवाय पाटील-देशमुख ही आडनावं म्हणून चालतात आणि वतनाची खूण म्हणूनही. एकच माणूस एका कागदावर मूळ आडनावाने आणि दुसऱ्यावर 'पाटील' म्हणून सापडतो.

मराठी नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ही मोठी सोय आहे. मधलं नाव नसेल तर ती नोंद 'कच्ची' धरा. एक स्प्रेडशीट करा. त्यात पूर्ण नाव, नावाची सगळी रूपं, नातं, नातं कोणत्या कागदावरून कळलं, डीआयएन, पत्ता आणि शेवटी खात्रीचा रकाना असू द्या. खात्रीसाठी दोन स्वतंत्र गोष्टी जुळल्या पाहिजेत, जसं मधलं नाव आणि पत्ता, किंवा वय आणि डीआयएन. लग्नपत्रिका, शुभेच्छांचे फलक, निधनवार्ता यांतून नाती कळतात, पण ती वाट दाखवण्यापुरती. छापायला लेखी कागद हवा.

कंपन्यांची दप्तरं

केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए संकेतस्थळावर खातं उघडा. कंपनीची मूळ माहिती आणि तिच्यावरच्या बोजांची, म्हणजे कर्जापोटी ठेवलेल्या तारणांची, यादी फुकट दिसते. दाखल झालेले कागद बघायला एका कंपनीमागे १०० रुपये पडतात आणि ते ठरावीक तासांपुरतेच खुले राहतात. म्हणून पैसे भरण्याआधी काय उतरवायचं ते ठरवा आणि सगळं एका बैठकीत उतरवा. भागीदारी छापाच्या एलएलपी वेगळ्या शोधाव्या लागतात. त्यांचे वार्षिक कागद नमुना ८ आणि नमुना ११.

कंपनीचा ओळख क्रमांक, म्हणजे २१ अक्षर-अंकांचा सीआयएन, आधी वाचायला शिका. पहिलं अक्षर एल असेल तर शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर न नोंदलेली. पुढचे पाच अंक धंद्याचा प्रकार सांगतात, मग राज्याची दोन अक्षरं, मग स्थापनेचं वर्ष. २०२३ मध्ये मोठं काम मिळालेली कंपनी २०२३ सालीच जन्मली होती का, एवढं या एका ओळीवरूनच कळतं.

उतरवायचे कागद : ताळेबंदाचा एओसी-४, भागधारकांच्या यादीचा एमजीटी-७ (छोट्या कंपनीचा एमजीटी-७ए), संचालक आले-गेले त्याचा डीआयआर-१२, नवे शेअर दिल्याचा पीएएस-३ आणि तारणाचा सीएचजी-१. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होते, ताळेबंद त्यानंतर ३० दिवसांत आणि वार्षिक विवरण ६० दिवसांत. म्हणजे सरत्या आर्थिक वर्षाचे आकडे डिसेंबरच्या आधी शोधू नका. मार्चमध्ये 'कंपनीने हिशेब दाखल केलेले नाहीत' असं छापून तोंडावर पडलेले कमी नाहीत.

ताळेबंदाचं पहिलं पान नव्हे, शेवटच्या टिपा वाचा. 'संबंधित पक्षांशी व्यवहार' या टिपेत कोणत्या सख्ख्या-चुलत कंपनीला किती कर्ज दिलं ते असतं. 'असुरक्षित', म्हणजे तारण न ठेवता घेतलेली, कर्जं कोणाकडून आली, ते बघा. उलाढाल शून्य आणि असुरक्षित कर्ज बारा कोटी, तर ते पैसे आले कुठून हा पहिला प्रश्न. पीएएस-३ मध्ये अधिमूल्य, म्हणजे शेअरच्या दर्शनी किमतीवर घेतलेली जादा रक्कम, तपासा. १० रुपयांचा शेअर ९९० रुपये अधिमूल्याने १०,००० नग विकला, की एक कोटी आत येतात. ज्या कंपनीची कमाईच नाही तिचा शेअर हजार रुपयांना घेणारा कोण, हे लगेच शोधा.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे सीएचजी-१. त्यात कर्ज देणारी बँक, रक्कम, तारीख आणि तारण ठेवलेली मालमत्ता गट क्रमांकासह असते. जोडलेल्या करारात वैयक्तिक हमीदाराची सही असते. संचालकांच्या यादीत ज्याचं नाव कुठेच नाही असा माणूस इथे हमीदार म्हणून भेटतो. कंपनी नावाला दोन पोरांची, पण बँक पैसे देताना खऱ्या मालकाची सही मागते.

खरा लाभधारक जाहीर करायचा बीईएन-२ हा कागदही आहे, दहा टक्के हिश्शापासून पुढे तो लागू होतो. अनेक कंपन्या तो भरतच नाहीत. न भरणं हीही नोंद करून ठेवा.

संचालक बदलले की पाठलाग थांबवू नका. नेत्याची पत्नी निवडणुकीच्या तीन महिने आधी पायउतार झाली आणि तिच्या जागी कार्यालयातला कारकून आला, तर डीआयआर-१२ वर दोन्ही तारखा असतात. शेअर कोणाकडे गेले ते मात्र पुढच्या एमजीटी-७ मध्येच कळेल.

सातबारा वाचायचा कसा

भूमी अभिलेखच्या महाभूमी संकेतस्थळावर विनास्वाक्षरीत सातबारा फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. छापण्यासाठी सहीचाच घ्या. शोध गावनिहाय होतो. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांकाने किंवा नावाने. 'साऱ्या राज्यात या नावावर काय आहे' असा शोध नाही. म्हणून कोणत्या गावांत बघायचं ते प्रतिज्ञापत्र, सीएचजी-१ आणि स्थानिक माहिती यांवरून आधी ठरवावं लागतं. गाव सापडलं की त्या माणसाचा ८अ काढा. त्या गावात त्या खात्यावर असलेले सगळे गट एका पानावर येतात.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सात हा हक्काचा, बारा पिकांचा. सातवर डावीकडे भोगवटादार वर्ग असतो. वर्ग २ दिसला तर थांबा. वतन, इनाम, देवस्थान किंवा सरकारने दिलेली जमीन असू शकते, तिच्या विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती परवानगी कोणत्या तारखेच्या कोणत्या आदेशाने मिळाली, ही स्वतंत्र बातमी होऊ शकते. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १.६२ म्हणजे १६२ आर, साधारण चार एकर. आर आणि गुंठा जवळपास सारखेच, पण 'एकर' लिहिताना गणित एकदा करून बघा. दशांश चिन्ह चुकून दहापट जमीन छापली गेल्याची उदाहरणं आहेत.

इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचं नाव, न्यायालयाचा दावा सापडतो. नावांच्या शेजारचे आकडे हे फेरफार क्रमांक. खरा खजिना तिथे आहे. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. जमीन खरेदीने आली, वारसाने, वाटपाने, बक्षीसपत्राने की न्यायालयाच्या हुकुमाने, ते तिथे सविस्तर लिहिलेलं असतं, दस्त क्रमांक आणि तारखेसह. आजचा सातबारा फक्त आजचा मालक दाखवतो. तीन फेरफार मागे गेलात की कळतं, जमीन शेतकऱ्याकडून थेट आली की मध्ये कोणी सहा महिने धरून ठेवली होती.

शेतजमीन महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. त्यामुळे शहरातला श्रीमंत माणूस शेतकरी असलेल्या चालकाच्या, राखणदाराच्या किंवा गावाकडच्या नातलगाच्या नावाने घेतो, असं वारंवार सांगितलं जातं. सांगितलं जातं, एवढंच. 'बेनामी' हा शब्द कायद्याने बांधलेला आहे. १९८८ चा कायदा २०१६ मध्ये कडक झाला आणि व्यवहार बेनामी आहे का ते ठरवण्याचं काम आयकर खात्याच्या यंत्रणेचं. बातमीत 'चालकाच्या नावावर चार एकर, किंमत इतकी, त्याचा पगार इतका' असं लिहा. निष्कर्षाचा शब्द वापरू नका.

दस्ताची बाजू नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर मिळते. वर्ष, गाव आणि गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक टाकला की सूची दोन, म्हणजे दस्ताचा सारांश, येते. मोबदला, बाजारभाव, लिहून देणार, लिहून घेणार, दस्ताची तारीख, नोंदणीची तारीख, मुद्रांक शुल्क, सगळं एका पानावर. मोबदला आणि बाजारभाव हे दोन आकडे शेजारी ठेवा. बाजारभावापेक्षा मोबदला बराच कमी असेल तर उरलेली रक्कम रोखीत गेली का, हा प्रश्न रास्त आहे. पण वाटणी, न्यायालयीन तडजोड, अतिक्रमण यांमुळेही भाव पडतो. दस्ताचा प्रकारही बघा. साठेखत म्हणजे विक्रीचा करार, खरेदीखत म्हणजे विक्री. दोन्हींत वर्षाचं अंतर असू शकतं आणि जमीन 'कधी घेतली' याचं उत्तर अनेकदा साठेखताच्या तारखेत असतं. मुलाला किंवा पत्नीला राहती वा शेतीची मिळकत बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं, त्यामुळे निवडणुकीच्या आधी बक्षीसपत्रांची लगबग दिसली तर ती टिपा. शहरात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका आणि गृहप्रकल्प असेल तर महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामकाकडच्या नोंदी. महारेरावर जमीनमालक, भागीदार आणि वकिलाचा हक्क-अहवाल असतो, तो अहवाल जमिनीचा तयार इतिहासच.

कारखाना आणि संस्था

सहकारी साखर कारखाना थेट माहिती अधिकारात येत नाही, कारण २०१३ च्या थलप्पलम निकालानुसार सहकारी संस्था सरसकट 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही. पण तिची जी कागदपत्रं साखर आयुक्त किंवा प्रादेशिक सहसंचालकांकडे आहेत, ती मागता येतात. मागायचं काय तर कलम ८१ चा लेखापरीक्षण अहवाल, कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ खाली निश्चित केलेली नुकसानीची जबाबदारी, आणि उसाचे पैसे थकल्याबद्दलची महसुली वसुलीची प्रमाणपत्रं. सभासद शेतकरी ओळखीचा असेल तर वार्षिक सभेआधी वाटलेला छापील अहवाल त्याच्या माळ्यावर सापडतो, दहा-दहा वर्षांचे गठ्ठे. संचालकांच्या फोटोंची पानं ओलांडून थेट 'देणी' आणि 'लेखापरीक्षकांचे आक्षेप' उघडा.

कर्जापोटी बँकेने कारखाना विकला असेल तर साखळी अशी लावा : वर्तमानपत्रातली लिलावाची नोटीस आणि राखीव किंमत, निविदा भरणारे किती, विजेत्या कंपनीचा सीआयएन, तिचे भागधारक, आणि विक्रीनंतर वर्षभरात तिने कोणाकडून कर्ज घेतलं त्याचा सीएचजी-१. दोन बोलीदारांचा पत्ता किंवा लेखापरीक्षक एकच निघाला, तर तुमच्या हातात प्रश्न आहे.

शिक्षणसंस्था आणि प्रतिष्ठानं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात. सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा उतारा आणि विश्वस्त बदलाचे अर्ज मागा. संस्थेला सरकारी जमीन मिळाली असेल तर वाटपाच्या अटी जिल्हाधिकारी कार्यालयात असतात.

परदेशातल्या कंपन्यांचं थोडक्यात. २०१६ च्या पनामा आणि २०२१ च्या पँडोरा कागदपत्रांतली नावं आंतरराष्ट्रीय शोधपत्रकार संघाच्या खुल्या कोशात शोधता येतात. तिथे नाव असणं बेकायदा नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात.

माहिती अधिकाराचा अर्ज

शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. 'का' आणि 'कसं' विचारू नका, अभिलेख मागा. नमुना :

'अमुक तालुक्यातील अमुक पुलाच्या कामाबाबत (कार्यारंभ आदेश क्र. …, दि. …) खालील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. १) तांत्रिक व वित्तीय निविदांचा तुलनात्मक तक्ता. २) मोजमाप पुस्तिका, सर्व पृष्ठे. ३) मुदतवाढीचे आदेश व त्यामागील टिपण्या. ४) अदा केलेल्या देयकांचा तपशील.'

टिपण्या मागायला विसरू नका. आदेश सगळेच गुळगुळीत असतात. कनिष्ठ अभियंत्याने 'दर जास्त वाटतो' असं लिहिलं आणि वर कोणी ते खोडलं, हे टिपणीतच दिसतं. कार्यारंभ आदेशाचा क्रमांक माहीत नसेल तर महाटेंडर्स या राज्याच्या निविदा संकेतस्थळावरचा निविदा क्रमांक द्या. 'माहिती विस्तृत आहे' असं उत्तर आलं तर प्रतींऐवजी अभिलेख पाहणी मागा, पहिला तास फुकट असतो. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ अर्जाविनाही अभिलेख बघता येतात. तिथल्या कारकुनाला हे ठाऊक असेलच असं नाही, निर्णयाची प्रत खिशात ठेवा.

नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललं आहे. 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारणं आता सोपं झालं. कलम ८(२) मात्र शाबूत आहे, व्यापक जनहित जास्त असेल तर माहिती देता येते. ते जनहित अर्जातच दोन ओळींत मांडा, अपिलासाठी राखून ठेवू नका. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. दुसऱ्या अपिलाच्या सुनावणीला काळ लागतो, म्हणून तोच कागद दुसऱ्या कार्यालयातही मागा. पुलाची देयकं बांधकाम विभागाकडे असतात, तशी लेखापरीक्षणाकडेही असतात.

तारखांची माळ

सगळं गोळा झालं की आणखी एक पान करा, फक्त तारखांचं. हे काल्पनिक उदाहरण बघा. गट ११२, क्षेत्र १.६२ हेक्टर. १४ फेब्रुवारीला साठेखत, घेणार एक नवी कंपनी. ९ जूनला राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३अ ची अधिसूचना. २ ऑगस्टला खरेदीखत. पुढच्या वर्षी ३ड ची घोषणा, त्यात तोच गट, आणि मग ३ग खाली भरपाईचा निवाडा, ज्यात नाव आणि रक्कम.

नुसतं खरेदीखत बघितलं असतं तर 'जाहीर झाल्यावर घेतली, कोणीही घेईल' असं वाटलं असतं. साठेखत अधिसूचनेच्या जवळपास चार महिने आधीचं आहे. पण आधी घेतली म्हणजे आतून कळलं, हेही सिद्ध होत नाही. परिसरात मार्किंगचे दगड जानेवारीतच लागले असतील तर सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून मधली कडी शोधा : महामार्गाची आखणी मंजूर झालेल्या बैठकीचं इतिवृत्त, तिला हजर असलेल्यांची यादी, सल्लागार कंपनीचा अहवाल कोणाला कधी पाठवला त्याची जावक वहीतली नोंद. आणि शेजारचे गट बघायलाच हवेत. त्या पट्ट्यात त्याच काळात इतर चाळीस जणांनीही जमिनी घेतल्या असतील तर तुमची बातमी वेगळी आहे. कदाचित त्याहून मोठी.

माळेतल्या प्रत्येक तारखेपुढे कागदाचा क्रमांक लिहा. ज्या तारखेला कागद नाही ती लाल रंगात. लाल ओळीवर उभं असलेलं वाक्य छापायचं नाही.

छापण्याआधी

संकेतस्थळावरचा प्रत्येक कागद पीडीएफ करून ठेवा, उतरवल्याची तारीख-वेळ नावातच टाका, फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा अक्षर-अंकांचा ठसा, काढून वहीत लिहा. पुढे न्यायालयात गेलात तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा हा खटाटोप कामी येतो. एखाद्या अधिकाऱ्याने गुपचूप दिलेली प्रत कधीही जशीच्या तशी छापू नका. समासातली खूण, झेरॉक्सवरचा डाग, पानांचा क्रम, यांवरून देणारा ओळखू येतो. तोच कागद माहिती अधिकारात मागवून घ्या आणि ती प्रत छापा. स्रोताचं नाव न सांगण्याचा पत्रकाराला सर्वंकष कायदेशीर हक्क आपल्याकडे नाही.

मग संबंधितांना लेखी प्रश्न पाठवा. ज्याचं ज्याचं नाव येणार, त्या प्रत्येकाला वेगळे. 'तुमच्यावर आरोप आहेत, खुलासा करा' असं नको. 'गट ११२ चं साठेखत १४ फेब्रुवारीला झालं, त्या वेळी आखणीची माहिती तुम्हाला होती का?' असं विचारा. ईमेल, स्पीड पोस्ट आणि व्हॉट्सॲप, तिन्ही मार्गांनी पाठवा, सात दिवस द्या, पोच जपून ठेवा. नेते फोनवर बोलून मोकळे होतात; तेव्हा झालेलं बोलणं लगेच लिहून त्यांनाच संदेशाने पाठवा, 'आपण असं म्हणालात' म्हणून. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सत्य आणि जनहित हा बचाव आहे, पण तो तुम्हाला सिद्ध करावा लागतो. उत्तराची संधी दिल्याची पोच तिथे तुमच्या बाजूने बोलते.

उत्तरात एखादा आकडा खोडून काढला तर पूर्ण गणित पुन्हा करा, चिडून चिकटून बसू नका. आधार क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता, अल्पवयीन मुलांची नावं प्रतींवरून झाका. चालक, राखणदार यांची नावं बातमीला लागतातच का, याचा दोनदा विचार करा. बहुतेकदा 'नेत्याचा कर्मचारी' पुरतं आणि त्या माणसाला गावात राहायचं असतं.

बातमी आल्यावर पंधरा दिवसांनी तेच सातबारे, त्याच कंपन्या पुन्हा उघडा. नवा फेरफार धरलेला असेल, संचालक बदललेला असेल, बोजा चढलेला असेल. फेरफारावर हरकत घेण्यासाठी चावडीवर नोटीस लागते. तिची तारीख आणि नव्या दस्ताचा क्रमांक आधीच्याच माळेत, पुढच्या ओळीवर लिहा.